संध्याकाळी व्हिडिओ अडकतो : घराला किती वेग लागतो आणि तो नेमका कुठे हरवतो

ही तक्रार बहुतेक घरांत एकाच साच्याची असते. दिवसा सगळे सुरळीत चालते, पण रात्री आठ ते दहाच्या दरम्यान टीव्हीवरचा चित्रपट मध्येच थांबतो, पडद्यावर ते चक्र फिरत राहते, चित्र काही वेळ पुसट होते आणि मग पुन्हा पूर्ववत सुरू होते. कंपनीला फोन केला तर ‘आमच्याकडून स्पीड बरोबर जात आहे’ असे उत्तर मिळते, मोबाइलवर स्पीड टेस्ट केली तर आकडाही चांगला दिसतो, आणि शेवटी कंटाळून 50 एमबीपीएसचा प्लॅन 100चा केला जातो. थोडे दिवस बरे वाटते आणि त्रास पुन्हा सुरू होतो. गोव्यातल्या फोंडा, डिचोली, पेडण्याकडच्या जुन्या घरांतून आणि पर्वरी-ताळगावच्या नव्या फ्लॅटांतूनही हीच तक्रार सतत कानावर येते. माझे मत असे आहे की यांतील बऱ्याच घरांत विकत घेतलेला वेग गरजेपेक्षा जास्तच असतो, फक्त तो टीव्हीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून प्लॅनला हात लावण्याआधी दोन आकडे हाती हवेत. घराला गर्दीच्या वेळी खरोखर किती वेग लागतो हा पहिला, आणि त्याच वेळी टीव्हीच्या जागेवर प्रत्यक्षात किती मिळतो हा दुसरा. या दोहोंची तुलना केल्याशिवाय केलेला कोणताही खर्च अंदाजपंचेच ठरतो.

गरजेचा हिशेब

नेटफ्लिक्सची स्वतःची शिफारस 720पी चित्रासाठी 3 एमबीपीएस, 1080पी म्हणजे फुल एचडीसाठी 5 आणि 4केसाठी 15 एमबीपीएस अशी आहे. यूट्यूब 1080पीसाठी 5 आणि 4केसाठी 20 एमबीपीएस सुचवते. दोघांच्या आकड्यांत थोडा फरक असला तरी घरगुती हिशेबासाठी एक फुल एचडी पडदा म्हणजे 5 आणि एक 4के पडदा म्हणजे 20 असे धरले की चूक होत नाही. हा प्रत्येक पडद्याचा वेगळा आकडा आहे, आणि तो 100 किंवा 200च्या जवळपासही जात नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे.

आता फोंडा तालुक्यातील एका साध्या घराचे उदाहरण घेऊ. रात्री नऊ वाजता बैठकीच्या खोलीत फुल एचडी टीव्ही चालू आहे, माडीवर मुलगी ऑनलाइन वर्गाला बसली आहे आणि दोघेजण आपापल्या फोनवर व्हिडिओ पाहत आहेत. टीव्हीचे 5, व्हिडिओ कॉलचे साधारण 4 आणि फोनचे प्रत्येकी 3 धरले तर बेरीज 15 एमबीपीएस होते. त्यावर सुमारे एक तृतीयांश राखीव ठेवावेत, कारण वेग कधीही सरळ रेषेत चालत नाही आणि फोन, संगणक पार्श्वभूमीवर काही ना काही उतरवतच असतात. म्हणजे या घराची गरज 20 एमबीपीएस आहे. याच घरात 4के टीव्ही असेल आणि प्रेक्षक खरोखरच 4के पाहत असतील, तर बेरीज 30वर आणि राखीव धरून 40वर जाते. यापलीकडचा वेग मोठ्या फाइल लवकर उतरवायला नक्कीच उपयोगी आहे, पण त्याने चित्रपट अधिक सुरळीत चालत नाही.

चतुर्थीच्या दिवसांत हा हिशेब बदलतो. मुंबई-पुण्याची मंडळी मूळ घरी उतरतात, आरत्या आणि जेवण आटोपले की पंधरा-वीस फोन एकाच वायफायवर असतात, आणि प्रत्येक फोन दिवसभर काढलेले फोटो व व्हिडिओ आपोआप ऑनलाइन साठवू लागतो. अशा वेळी अडचण उतरत्या वेगाची नसून चढत्या वेगाची, म्हणजे अपलोडची असते. व्हिडिओचा प्रत्येक तुकडा पोहोचल्याची पावती आपल्या घरातून उलट दिशेने जावी लागते, आणि अपलोडची वाट फोटोंनी तुंबलेली असली की त्या पावत्या अडकतात व उतरता वेगही विनाकारण मंदावतो. घराबाहेरचे सीसीटीव्ही कॅमेरे क्लाउडवर चित्रण पाठवत असतील तर हाच प्रकार वर्षभर चालतो. यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे : फोटोंचा बॅकअप आणि फोनचे अपडेट रात्री झोपण्याच्या वेळेवर ढकलावेत आणि कॅमेऱ्याचे रिझोल्यूशन गरजेपुरतेच ठेवावे. राउटरमध्ये एखाद्या उपकरणाला प्राधान्य देण्याची सोय असेल तर ते टीव्हीला द्यावे.

मोजमाप करताना एक गोंधळ नेहमी होतो, तो आधीच दूर करावा. प्लॅनवर लिहिलेले एमबीपीएस हे मेगाबिट असतात आणि संगणकावर फाइल उतरताना दिसणारे आकडे मेगाबाइटमध्ये असतात. एका बाइटमध्ये 8 बिट असल्याने 40 एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला 5 मेगाबाइट या दराने उतरताना दिसली तर लाइन पूर्ण वेगाने चालली आहे असे समजावे. ‘40चे पैसे घेऊन 5च देतात’ अशी तक्रार या घोटाळ्यातूनच जन्माला येते, आणि ती नोंदवली की पुढच्या खऱ्या तक्रारीकडेही दुर्लक्ष होते.

व्हिडिओ थांबतो तो कशामुळे

ऑनलाइन व्हिडिओ अखंड प्रवाहासारखा येत नाही. तो काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेला असतो आणि प्रत्येक तुकडा कमी-अधिक दर्जाच्या अनेक प्रतींत तयार ठेवलेला असतो. टीव्हीतील अॅप मागचा तुकडा उतरायला किती वेळ लागला हे पाहून पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागवायचा ते ठरवते आणि पुढचे काही तुकडे आधीच आणून साठवून ठेवते. सुरुवातीचे काही क्षण चित्र पुसट असणे आणि मग स्वच्छ होणे यात म्हणून दोष काहीच नाही. चित्र वारंवार पुसट होत असेल तर वेग खाली-वर होत आहे, आणि ते पूर्ण थांबत असेल तर साठवलेले तुकडे संपेपर्यंत, म्हणजे बऱ्याचदा दहा-वीस सेकंद किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ काहीच पोहोचलेले नाही. सरासरी 60 एमबीपीएस देणारी पण मधूनमधून शून्यावर जाणारी लाइन, सलग 12 देणाऱ्या लाइनपेक्षा व्हिडिओसाठी वाईट असते. स्पीड टेस्ट फक्त काही सेकंद चालते, त्यामुळे तिला हे खड्डे सहसा दिसत नाहीत.

थेट प्रक्षेपणात हा फरक फार जाणवतो. क्रिकेटचा सामना थेट चालू असताना पुढचे तुकडे अजून तयारच झालेले नसतात, त्यामुळे अॅपकडे साठा अगदी थोडा असतो आणि वेगातील लहानसा खड्डाही पडद्यावर उमटतो. चित्रपट नीट चालतो आणि सामना मात्र अडकतो, असे होत असेल तर अधिक वेगाच्या मागे न लागता स्थिर जोडणीच्या मागे लागावे.

खड्डे प्रत्यक्ष पाहायचे असतील तर यूट्यूबमध्ये व्हिडिओ चालू असताना सेटिंग्जमधून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ हा पर्याय उघडावा. पडद्याच्या कोपऱ्यात आकड्यांची एक चौकट येते, त्यात ‘बफर हेल्थ’ या ओळीसमोर सेकंदांचा आकडा असतो. पुढचे किती सेकंद घरात येऊन पडले आहेत, ते तो सांगतो. रात्री नऊ वाजता ही चौकट उघडी ठेवून पंधरा मिनिटे पाहावे. आकडा वीस-तीसच्या वर टिकून असेल तर लाइन निरोगी आहे. तो हळूहळू उतरत जाऊन शून्यावर येत असेल तर वेग खरोखर कमी पडतो आहे, आणि तो चांगला असताना अधूनमधून एकदम कोसळत असेल तर जोडणी तुटते आहे. या दोन प्रकारांचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत, म्हणून ही पंधरा मिनिटे वाया जात नाहीत.

वेग तीन ठिकाणी मोजावा

पहिली मोजणी राउटरला केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर, दुसरी राउटरच्या जवळ उभे राहून वायफायवर आणि तिसरी टीव्हीच्या जागेवर करावी, शक्य असल्यास टीव्हीवरच. तिन्ही मोजण्या गर्दीच्या वेळी आणि एकापाठोपाठ एक करायच्या, कारण सकाळी दहाच्या आकड्याचा रात्रीच्या त्रासाशी काही संबंध नसतो. नेहमीच्या स्पीड टेस्टच्या जोडीला फास्ट डॉट कॉमही चालवावे. नेहमीच्या टेस्टमध्ये अनेकदा कंपनीच्याच जाळ्यातील किंवा जवळचा सर्व्हर निवडला जातो, तर फास्ट डॉट कॉम ही नेटफ्लिक्सची सेवा असल्याने ती नेटफ्लिक्सच्या सर्व्हरपासूनचा वेग मोजते.

केबलवरचाच आकडा प्लॅनपेक्षा बराच कमी असेल तर दोष घराबाहेर आहे आणि तक्रार कंपनीकडेच जायला हवी. केबलवर व राउटरजवळ आकडे चांगले आणि टीव्हीजवळ कोसळत असतील तर दोष घरातल्या वायफायचा आहे, आणि गोव्यातल्या घरांत बहुतेक वेळा हाच निकाल लागतो.

याचे मोठे कारण आपल्या भिंती आहेत. जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात. चिरा हा लोह असलेला सच्छिद्र दगड आहे, तो पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो, आणि ओल्या भिंतीतून जाताना वायफायच्या लहरी कोरड्या भिंतीपेक्षा अधिक क्षीण होतात. जूनपासून त्रास वाढला असे अनेकजण सांगतात, त्यात तथ्य आहे. फायबर घरात शिरते तिथेच, म्हणजे सोप्यावर किंवा दाराजवळच्या कोपऱ्यात, राउटर ठोकला जातो, आणि टीव्ही मात्र दोन भिंती पलीकडे असतो. बहुतेक राउटर 5 आणि 2.4 गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर वायफाय देतात. 5 गिगाहर्ट्झवर राउटरजवळ 200-300 एमबीपीएस मिळतात, पण ही लहर भिंत भेदण्यात कमजोर आहे. 2.4 गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे जास्त पोहोचते, पण तिची क्षमताच कमी आहे : एका अँटेनाच्या जुन्या वायफाय 4 उपकरणाला 20 मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर कागदोपत्री जास्तीत जास्त 72 एमबीपीएस मिळतात, प्रत्यक्षात समोरासमोरही त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि दोन चिऱ्यांच्या भिंतींपलीकडे एक आकडी वेग उरणे अगदी शक्य असते. अशा घरात 100चा प्लॅन 300चा केला तरी टीव्हीजवळचा आकडा हलत नाही, कारण अडथळा प्लॅनमध्ये नव्हताच.

यावर माझ्या मते एकच भरवशाचा उपाय आहे, तो म्हणजे टीव्हीपर्यंत नेटवर्कची केबल ओढणे. कॅट 6 केबल 100 मीटरपर्यंत काहीही वेग न गमावता चालते, ती मंगळोरी कौलांखालच्या वाशांवरून किंवा भिंतीच्या वरच्या कडेने नेली तर डोळ्यांना खुपत नाही, आणि तिचा खर्च वाढीव प्लॅनच्या काही महिन्यांच्या फरकातच निघतो. अनेक टीव्हींचे केबलचे पोर्ट 100 एमबीपीएसचेच असते आणि टेस्टमध्ये त्यावर 95च्या आसपास आकडा दिसतो. 4केला 20 पुरतात, त्यामुळे त्याची चिंता करू नये. केबल ओढणे शक्य नसेल तर राउटर घराच्या मध्यभागी, राजांगणाच्या म्हणजे आतल्या चौकाच्या कडेला किंवा दारांच्या रांगेत, उंचावर हलवावा. उघड्या दारातून 5 गिगाहर्ट्झची लहर दूरवर जाते, बंद चिऱ्यातून जात नाही. मेश वायफाय, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या दोन-तीन डब्यांचे वायफाय, घ्यायचे असेल तर त्याचा दुसरा डबा टीव्हीजवळ न ठेवता राउटर आणि टीव्ही यांच्या मधल्या खोलीत ठेवावा. टीव्हीच्या खोलीत ठेवलेल्या डब्याला स्वतःलाच क्षीण लहर मिळते आणि तीच तो पुढे पाठवतो. वायफायची लहर घेऊन तीच पुढे पाठवणारा स्वस्त रिपीटर मी सुचवत नाही, कारण एकाच लहरीवर घेणे आणि देणे दोन्ही करताना त्याचा वेग साधारण निम्मा होतो.

फ्लॅटांत चित्र उलटे असते. पर्वरी किंवा ताळगावच्या इमारतीत भिंती पातळ असतात, पण आजूबाजूची डझनभर वायफाय नेटवर्के एकमेकांवर कुरघोडी करतात. 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांना न छेदणारे चॅनेल तीनच आहेत, 1, 6 आणि 11, आणि संध्याकाळी ती तिन्ही भरलेली असतात. तिथे टीव्ही 5 गिगाहर्ट्झवर जोडणे एवढेच बहुधा पुरते. त्यासाठी राउटरमध्ये दोन्ही लहरींना वेगवेगळी नावे द्यावीत, म्हणजे टीव्ही आपोआप 2.4वर जाऊन बसत नाही. टीव्हीला 5 गिगाहर्ट्झ चालतच नसेल, जसे काही स्वस्त स्मार्ट टीव्हींचे असते, तर टीव्हीच्या मागे लागणारी 5 गिगाहर्ट्झची छोटी स्ट्रीमिंग स्टिक लावावी.

पाऊस, वारा आणि फायबर

केबलवर मोजूनही वेग खाली-वर होत असेल आणि तो वाऱ्या-पावसाशी जुळत असेल तर फायबरकडे पाहावे. फायबरमधून प्रकाश जातो, त्यामुळे तिला ओलाव्याने तांब्याच्या तारेसारखा गंज चढत नाही, पण ती नाजूक असते. खेड्यांत ती खांबावरून माडाला बांधून घरात आणलेली असते, वादळात माड हेलकावले की ती ताणली जाते, झावळी पडून वाकते किंवा भिंतीजवळ काटकोनात मुडपते, आणि मुडपलेल्या जागी प्रकाश बाहेर निसटतो. जोडणी पूर्ण तुटली तर फायबर जिथे जोडलेली असते त्या मोडेमच्या डब्यावर ‘लॉस’चा (LOS) लाल दिवा लागतो, ते ओळखायला सोपे आहे. अर्धवट वाकलेली फायबर मात्र दिवा हिरवा ठेवून वेग घालवते. बऱ्याच डब्यांच्या सेटिंग पानावर मिळणाऱ्या प्रकाशाची पातळी डीबीएम या एककात दिसते. साधारण उणे 15 ते उणे 25 यांच्यामधला आकडा ठीक समजावा. उणे 27च्या खाली गेलेला आकडा म्हणजे डब्याला प्रकाश जेमतेम दिसतो आहे. तो आकडा कोरड्या दिवशी आणि पावसाच्या दिवशी लिहून ठेवला तर लाइनमनशी वाद घालण्याची वेळच येत नाही, कारण तोही आपल्या मीटरवर हेच पाहतो. फायबरची पिवळी किंवा पांढरी पॅच कॉर्ड, म्हणजे डब्याला जोडणारी छोटी वायर, घरातही कपाटामागे दाबलेली नसावी आणि तिचे टोक बोटाने पुसू नये.

पावसाळ्यात वीज क्षणभर जाऊन येते, तीही व्हिडिओ अडकण्याचे एक कारण आहे. दिवे फक्त लुकलुकतात, पण डबा बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि जोडणी परत यायला काही मिनिटे जातात. राउटरसाठी मिळणारा छोटा 12 व्होल्टचा यूपीएस इथे पुरतो. घेताना डब्याच्या अॅडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्यावेत. फायबरऐवजी टॉवरवरून येणारी 5जी जोडणी असेल तर छपरावरच्या उपकरणापासून टॉवरच्या दिशेला माड किंवा आंब्याची पालवी आड येते का ते पाहावे, कारण ओली पाने लहरी शोषून घेतात, आणि अशा जोडणीत संध्याकाळची टॉवरवरची गर्दीही वेग खाते.

वेगाशी संबंध नसलेली कारणे

चित्र नेहमीच पुसट असेल पण कधीच थांबत नसेल तर आधी आपले सदस्यत्व तपासावे. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन 480पीपर्यंत आणि बेसिक प्लॅन 720पीपर्यंतच मर्यादित आहे, तिथे कितीही वेग दिला तरी चित्र त्यापुढे जाणार नाही. काही फोनना वाइडवाइन एल1 हे व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या संरक्षणाचे प्रमाणपत्र नसते आणि अनेक अॅप अशा फोनवर एचडी देतच नाहीत. एकाच अॅपमध्ये त्रास होत असून बाकी सगळी नीट चालत असतील तर ते अॅप अपडेट करावे, टीव्ही पूर्ण बंद करून सुरू करावा आणि थोडी वाट पाहावी. महिनाअखेरीस वेग एकदम पडून पहिल्या तारखेला सुधारत असेल तर डेटाची मर्यादा संपते आहे. ‘अमर्याद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक घरगुती फायबर प्लॅनना महिन्याला 3300 जीबीची मर्यादा असते. फुल एचडी तासाला सुमारे 3 आणि 4के सुमारे 7 जीबी घेते, तेव्हा एका कुटुंबाला ती सहसा पुरते, पण पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या किनाऱ्याकडच्या घरात हंगामात ती संपू शकते.

तक्रार आणि प्लॅन बदलण्याचा निर्णय

केबलवर, रात्री, दुसरे काहीही चालू नसताना आकडा प्लॅनपेक्षा सतत बराच कमी येत असेल तर तारीख, वेळ आणि स्क्रीनशॉट यांसह तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक घ्यावा. तोंडी तक्रारीचा पुढे काहीच उपयोग होत नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2012च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक सेवादात्याकडे तक्रार केंद्राच्या वर अपील प्राधिकारी असणे बंधनकारक आहे, आणि तिथे जाताना हाच क्रमांक मागतात. संध्याकाळी एकाच फायबर शाखेवरील सगळ्या घरांचा वेग एकदम पडत असेल तर शेजाऱ्यांनीही त्याच वेळेचे आकडे जोडावेत, कारण ती शाखा अनेक घरांत वाटलेली असते आणि तिची क्षमता वाढवण्याचे काम कंपनीच करू शकते.

प्लॅन वाढवणे योग्य ठरते ते एकाच परिस्थितीत : केबलवरचा आकडा प्लॅनइतका येतो आहे, टीव्हीजवळही तो जवळजवळ तेवढाच पोहोचतो आहे, आणि राखीव धरून काढलेली घराची गरज त्यापेक्षा जास्त आहे. तसे असल्यास गरजेच्या लगेच वरचा प्लॅन घ्यावा. दोन प्लॅनांच्या किमती सारख्याच असतील तर ज्यात अपलोडचा वेग जास्त तो निवडावा, विशेषतः घरी कॅमेरे असतील किंवा कोणी घरून काम करत असेल तर.